कोरी कॅसेट

"आजी, हा तुझा आवाज नाही," टेप बंद करत रूथ म्हणाली.

"मग कुणाचा?"

"डॉक्टरांना फोन करताना काढतेस, तो."

एल्सी आजीने किटलीवर लोकरीचं टोपरं चढवलं. नातीला कॉलेजच्या परीक्षेसाठी एक प्रकल्प करायचा होता : उत्तर इंग्लंडमधल्या बर्नलीच्या कापडगिरण्यांतल्या बायका इंग्रजी बोलायच्या कशा. आजीचा जन्म गिरणीत गेलेला, तेव्हा काम घरबसल्या होईल, असा रूथचा हिशेब. पण समोर टेप दिसला की आजी एकदम राजघराण्यातली व्हायची. "होय, आम्ही तिथे अत्यंत आनंदात होतो," असली वाक्यं.

"सर म्हणाले, टेप चालू करून मी खोलीबाहेर जायचं. तुम्ही दोघींनी नेहमीसारख्या गप्पा मारायच्या."

आजीने शेगडीची सळई उचलून भिंतीवर ठोकलं. भिंतीपलीकडे मार्जरी राहायची. त्याआधी गिरणीतही ती शेजारच्याच मागावर असायची. चहा झाला की भिंत वाजायची आणि मार्जरी मागच्या दाराने आत यायची, असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. येत्या शनिवारी तिचा मुलगा गाडी घेऊन येणार होता, तिला कायमची दक्षिणेला, समुद्राकाठी, आपल्याकडे न्यायला. रूथची घाई त्यासाठी होती. आजी त्या विषयावर काही बोलत नव्हती.

मार्जरी आली ती आल्याचा केक घेऊनच. टेपकडे तिने संशयाने पाहिलं.

"चावत नाही ना हे?"

"नेहमीसारखं बोल, मावशी. बाकी काही नको."

"नेहमीसारखंच बोलू, पोरी. आम्हाला दुसरं येतंय काय?"

रूथ वर जाऊन बसली. खालून आवाज आले : केक बरा झालाय, आलं जरा जास्त पडलंय. मग शांत. मग आजीचं खदखदून हसणं. पुन्हा शांत. रूथला वाटलं, दार नीट लागलंय, चांगलंच झालं.

कॅसेटची बाजू संपायच्या सुमाराला ती धावत खाली आली. दोघींचे डोळे लाल झाले होते. म्हणजे बोलणं रंगलेलं दिसतंय, म्हणून रूथने खुशीत टेप मागे फिरवून लावला. केक. आलं. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. बशीवर कप ठेवल्याचा आवाज. हसणं. घड्याळ. कुणीतरी नाक शिंकरलं. घड्याळ.

"तुम्ही गप्प बसलात?" रूथला रडूच यायला लागलं. "अख्खी दुपार गप्प बसलात?"

"गप्प कुठे?" आजी म्हणाली. "बोलतच तर होतो."

आणि तिने मार्जरीकडे वळून ओठ हलवले. आवाज नाही. ओठ, भुवया, गाल, सगळा चेहराच बोलत होता. मार्जरीने तसंच उत्तर दिलं. साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडायचे, कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून बायका अशा बोलायच्या. गिरण्या बंद पडल्या, पण सवय गेली नाही. हवापाण्याच्या गोष्टी आवाजात चालायच्या. मनातलं काही निघालं की आवाज आपोआप बंद व्हायचा, मग बसस्टॉप असो की चर्च.

"टेपला हे कळणार कसं?" रूथ म्हणाली.

"आमच्या नवऱ्यांना तरी कुठे कळलं?" मार्जरी म्हणाली.

रूथने प्रकल्प बदलला. शनिवारपर्यंत ती रोज दोघींच्या समोर स्टूल टाकून बसली आणि ओठ वाचायला शिकली. तिच्यासाठी त्या सावकाश बोलायच्या. तिच्याबद्दल बोलायचं असलं की मात्र झपाट्याने.

शनिवारी गाडी आली आणि मार्जरीला घेऊन गेली.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. आजीने केस सारखे केले आणि मग रिसीव्हर उचलला.

"हॅलो, एल्सी बोलतेय." तोच ठेवणीतला आवाज. "हो, इकडे हवा बरी आहे. तिकडे? छान. समुद्र दिसतो का? छान."

जन्माची मैत्रीण तारेच्या दुसऱ्या टोकाला होती आणि हवापाण्याच्या पलीकडे शब्द जात नव्हता. रूथ बघत होती. हळूहळू आजीचे ओठ हलायला लागले. रिसीव्हरकडे तोंड करून ती बोलत होती, आवाजाशिवाय, सगळा चेहरा हलवून.

रूथ उठली. आजीच्या हातातून तिने रिसीव्हर घेतला.

"मावशी, मी रूथ. आजी म्हणतेय..." ती आजीच्या ओठांकडे बघत एकेक वाक्य सांगू लागली. "म्हणतेय, सकाळी चहा झाल्यावर मी भिंत ठोकली. ठोकल्यावर आठवलं." थोडं थांबून ती म्हणाली, "म्हणतेय, मी तुला जाऊ नको म्हणायला हवं होतं. त्या दुपारी तेच म्हणणार होते, तर तू मला हसवलंस."

आजीने मान हलवली. बरोबर.

पलीकडून काहीच आलं नाही. रूथने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"गप्प झालीय ती," ती म्हणाली.

"गप्प कुठे?" आजीने रिसीव्हर ओढून घेतला आणि कानाला लावला. "बोलतेय ती."