लांबलेला तास

"रोल नंबर सत्त्याहत्तर, मनगटात हाडं किती?"

लॅपटॉपवर दिसलं, त्या नंबरची मुलगी उघड्या पुस्तकावर गाल टेकून गाढ झोपली होती. चाळीस वर्षं मेडिकल कॉलेजात झोपाळूंना मी खडू मारून उठवलं. कोरोनात, निवृत्तीनंतर पुन्हा ऑनलाइन शिकवायला बसले, तरी हात शिवशिवलाच.

मी ओरडणार, तोच चॅटमध्ये तिच्या मैत्रिणीने लिहिलं, "मॅडम, प्लीज उठवू नका! गेल्या अकरा रात्री नीट झोपली नाहीये ती. काल रडत होती, डॉक्टर व्हायच्या आधीच वेड लागेल म्हणून."

मी आवाज उतरवून शिकवत राहिले. जरा थांबले की तिच्या पापण्या हलायच्या; बोलू लागले की पुन्हा गाढ झोप.

एक वाजला, तास संपला. "जेवायला जायचंय त्यांनी जा रे," मी कुजबुजले.

एकेकाळी माझ्या वर्गातून मुलं घंटेआधीच पळायची. आज पडद्यावरचा एकशे सत्तेचाळीसचा आकडा एकानेही कमी झाला नाही. मग चॅटमध्ये ओळी उमटू लागल्या. "मॅडम, थांबू नका." "पुढचा चॅप्टर घ्या ना, मॅडम."

ती झोपलीच होती. त्याच हळू आवाजात बोलत मी पान उलटलं.