पहिली मूठ

बिशपसाहेब, तुम्ही माणसाला मेल्यावरसुद्धा दारात तिष्ठत ठेवलंत. स्वतः आला नाहीत. वरच्या कचेरीतून एक फोन केलात आणि हात झटकलेत. फाउंड्रीतल्या ओताऱ्यांचा तो बंधुसंघ चोरून शपथा घेतो, म्हणून दफन एकतर चर्चच्या प्रार्थनेनं, नाहीतर त्यांच्या विधीनं. दोन्ही एकत्र चालणार नाहीत. त्यांच्यातल्या एकाशी तरी तुम्ही कधी दोन शब्द बोलला होतात?

निरोप सांगायची पाळी आली फादरांवर. दफनभूमीत खोदलेल्या खड्ड्याशेजारी दोन वाशांवर शवपेटी टेकवली होती. ती खांद्यावरून आणणारे ओतारी चामड्याचे एप्रन घालून एका बाजूला उभे होते, चर्चची मंडळी दुसऱ्या बाजूला. पेटीतल्या माणसाला दोन्हीकडचे लोक ठिणगी म्हणायचे. चटकन पेटायचा, चटकन विझायचा.

फादरांनी निरोप खाली मान घालूनच सांगितला. ओताऱ्यांच्या मिस्त्रीनं वाद घातला नाही. प्रार्थना होऊ दे म्हणाला, आम्ही भिंतीपलीकडे थांबतो. ठिणगी राग धरणार नाही, आणि धरलाच तर संध्याकाळपर्यंत. ओतारी वळलेसुद्धा.

ठिणगीची बायको पेटीला टेकून उभी होती. ती हलली नाही.

"माझा माणूस रविवारी यांचा होता आणि सोमवारपासून तुमचा," ती मिस्त्रीला म्हणाली. "मी त्याला अर्धा पुरणार नाही. दोन्ही होणार नसेल तर पेटी उचला, भावजी. घरी न्या."

पेटी घरी न्यायची म्हणजे काय, हे कुणालाच कळेना. ओतारी जागच्या जागी थबकले. चर्चच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. फादरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मिस्त्रीला विचारलं, तुमच्या त्या विधीत असतं तरी काय?

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मिस्त्री गांगरला. गुपित असतं तर लपवता तरी आलं असतं.

मग त्यानं सांगितलं. वितळलेल्या लोखंडाचं भांडं दोघांनी उचलायचं असतं, दोन टोकांना दोघं. त्या दोघांत अबोला असेल तर पावलं जुळत नाहीत, लोखंड सांडतं आणि सांडतं ते पायावर. म्हणून संघात येताना एकच शपथ घ्यायची: भांडण भट्टीपाशी आणायचं नाही, आणि मातीत तर नाहीच नाही. ज्याचं मेलेल्याशी भांडण राहिलं असेल, त्यानं उघड्या हातानं पहिली मूठ पेटीवर टाकायची आणि म्हणायचं, मिटलं. मगच पेटी खाली सोडायची.

"एवढंच?" फादर म्हणाले.

"एवढंच. करून बघा, जड जातं."

मग आज कुणाचं राहिलंय, असं फादरांनी विचारलं. मिस्त्रीनं ओळीकडे पाहिलं. एकानं आठवण काढली, साचा फोडल्यावरून ठिणगीनं त्याची कॉलर धरली होती. पण त्याच दिवशी डबा वाटून खाल्ला होता. ठिणगीचा मेहुणा पुढे झाला. भाऊजी मला भर लग्नात गाढव म्हणाले होते, असं त्यानं घोगऱ्या आवाजात सांगितलं.

"ते भांडण नव्हतं रे," त्याची बहीण म्हणाली. "ते पाहुण्यांना तुझी ओळख करून देत होते."

दोन्हीकडचे हसले. पेटीशेजारी हसलो म्हणून ओशाळले आणि पुन्हा हसले.

कुणाचंच नसेल तर मूठ मिस्त्रीनं टाकायची असते. तो वाकायला गेला, तर तिनं हात आडवा धरला.

"एकाचं आहे," ती म्हणाली आणि फादरांकडे वळली. "तुमचं आहे, फादर."

संघ सोड म्हणून फादरांनी, तुमच्याच आज्ञेवरून, ठिणगीला ख्रिस्तप्रसाद नाकारला होता. ठिणगीनं संघ सोडला नाही आणि चर्चही सोडलं नाही. बाकीचे तो घ्यायला वेदीपाशी जायचे, तो शेवटच्या बाकावर बसून राहायचा. तो अंथरुणाला खिळला तेव्हा फादर त्याच्या बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत आले आणि तुमची आज्ञा आठवून परत फिरले. हे तिनं खिडकीतून पाहिलं होतं. तिनं ते आवाज न चढवता सगळ्यांसमोर सांगितलं. ठिणगीनंही अंथरुणावरून पाहिलं होतं, तेही सांगितलं.

फादर पेटीकडे वळले. आता ते निघून गेले असते तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. तुमचा हुकूम होता ना पाठीशी.

त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक मिस्त्रीपुढे धरलं. मिस्त्रीनं एप्रनला हात पुसून ते घेतलं. फादर गुडघ्यावर बसले, ओल्या ढिगातून मूठभर माती उचलली आणि पेटीच्या झाकणावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. वेदीवरचा त्यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. हा तो नव्हता.

"मिटलं," ते म्हणाले. मग अगदी हळू, "ठिणगी, मी वर यायला हवं होतं."

तिनं हात देऊन त्यांना उठवलं. ओताऱ्यांनी दोर धरले, पेटी न हिंदकळता खाली गेली. फादरांनी चर्चची प्रार्थना सुरू केली. मातीनं माखलेल्या हातांनी पानं उलटवेनात, म्हणून मिस्त्री शेजारी उभा राहून पुस्तक धरत होता, पानं उलटत होता. आणि प्रत्येक ओळीला एप्रनवाले चर्चच्या मंडळींइतक्याच मोठ्यानं प्रतिसाद देत होते. सगळ्यांना तोंडपाठ होती.

आता ऐकतो की तुम्ही फादरांकडे लेखी खुलासा मागितलाय. ते देतील न देतील. आधी तुम्ही द्या. एका माणसानं मेलेल्या माणसापुढे गुडघे टेकून भांडण मिटवलं, यात तुमच्या धर्माचं नेमकं काय बुडालं?