बटन दाबणारा

खामगावच्या अर्जुनरावांच्या नाटकांना हरिओमने बारा वर्षं ध्वनी दिला. विजेचा कडकडाट, रेल्वेची शिट्टी, पाळण्याची करकर, सारं त्याचं. जाहिरातीच्या फलकावर मात्र त्याचं नाव कधी लागलं नाही. एकदा त्याने धीर करून विचारलं, तेव्हा सगळ्या कलाकारांसमोर अर्जुनराव म्हणाले, "बटन दाबणाऱ्याचं काय नाव छापतेत बे? उद्या चहावालाही मांगीन."

हरिओमने त्याच दिवशी नाटक सोडलं. तो सॉफ्टवेअर शिकला आणि प्रयोगातले सगळे आवाज क्रमाने वाजवणारं ॲप त्याने बनवलं. दोन वर्षांत जिल्ह्यातल्या बहुतेक नाटकवाल्यांनी ते घेतलं. शेवटी नाक मुरडत अर्जुनरावांनीही घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी त्यांचा फोन आला. "पडदा उघडाले पाच मिनिटं राह्यले. तालमीत तुहं ॲप बराबर चालत होतं, अन् आता प्रयोगाले अडून बसलं. मुद्दाम केलं काय बे?"

"हाव भाऊ, मुद्दामच केलं. स्क्रीनवर काय लिहेल आहे?"

"'ध्वनी देणाऱ्याचं नाव लिहा.'"

"मंग लिहा. 'तालीम' सोडून 'प्रयोग' दाबलं का त्याच्याबिगर ते पुढे जात नाही."

 मग पलीकडे, हरिओमच्या जागेवर दोन वर्षांपासून बसणाऱ्या बाईला अर्जुनराव विचारताना ऐकू आले,



"काय वं, तुहं नाव काय?"