डावीकडचा संगणक

"म्हणजे ही डबडी आणखी काही वर्षं वापरायची, असं तुमचं म्हणणं?" खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा उतरला की ते माघार घेत नाहीत, हे वाचनालयात सगळ्यांना ठाऊक होतं.

"डबडी नाहीत ती. नवं विंडोज या जुन्या संगणकांवर चढत नाही, एवढंच," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "लिनक्स ही दुसरी सिस्टिम चढते. शिवाय फुकट आहे."

"फुकट! आणि बिघडलं की कुणाच्या दारात जायचं?"

"माझ्या."

"प्रिंटर चालतो का त्यावर?"

"चालतो. त्यापायी माझ्या दोन सुट्ट्या गेल्या, पण चालतो."

"अहो बाई, माझा जन्म यंत्रांत गेला. जुनं ते जुनंच. आत कुठलीही सिस्टिम भरा, नव्याच्या पासंगाला पुरायचं नाही!"

हा वाद गेला महिनाभर चालला होता आणि दोघांपैकी कुणीही दमत नव्हतं. नवे संगणक घ्यायला पैसा एकाच ठिकाणाहून निघणार होता. संध्याकाळचा वाचनकक्ष बंद करायचा आणि तिथल्या शिपायाचा पगार न् वीज वाचवायची. त्या कक्षात परीक्षेला बसलेली एक नर्स यायची, घरी टेबल ठेवायलाही जागा नसलेल्या दोघी बहिणी यायच्या. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, बुद्धिबळाची मासिकं घेऊन, खुद्द खजिनदार बसायचे. बायको गेल्यापासून शिपाई दिवे मालवेपर्यंत त्यांचा पाय घराकडे वळत नसे.

"मग तुम्ही कुठे बसाल संध्याकाळी?" बाईंनी विचारलं.

"मी घरी बसेन. माझ्या खुर्चीसाठी वाचनालयाचं वाटोळं करायचं नाही मला."

बाईंना त्यांचा राग आला, आणि थोडं वाईटही वाटलं. पण कक्ष बंद होऊ द्यायचा नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. काहीही करावं लागलं तरी.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. दुखणं फार दिवस ठेवायचं नाही, ही त्यांची सवय. त्यांनी एक नवा संगणक दुकानातून चाचणीसाठी मागवला आणि एक जुना, बाईंनी लिनक्स घातलेला, त्याच्या शेजारी टेबलाखाली ठेवला. वर सारखे दोन स्क्रीन. सगळ्या काळ्या वायरी टेबलाच्या एकाच भोकातून खाली सोडलेल्या, त्यामुळे कुठली कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र आणि तीच चार बटणं दिसतील, अशी व्यवस्था केली. पुढून जाड कापड लावलं.

"जुना डावीकडच्या स्क्रीनला, नवा उजवीकडच्या," डॉक्टर म्हणाले. "हे आपल्या तिघांतच राहील. उद्या सभासद दोन्हींवर काम करून बघतील आणि जो आवडेल त्याच्यापुढच्या डब्यात शर्टाचं एकेक बटण टाकतील. तुम्ही दोघांनी जवळ फिरकायचं नाही. आणि संगणक बंद करू नका, सुरू होताना सिस्टिमचं नाव दिसतं."

"मान्य," खजिनदार म्हणाले.

"मान्य," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाई लवकर घरी गेल्या. खजिनदार नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत खुर्चीत होते.

सकाळी बाईंनी सगळ्यांच्या आधी कुलूप उघडलं. टेबलं पुसली, खाली वाकून केर काढला, हात धुतले आणि चहा ठेवला. डॉक्टर आले तेव्हा त्या कोपऱ्यातल्या बाकावर शहाण्यासारख्या बसल्या होत्या. थोड्या वेळाने खजिनदार आले आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

सभासद येत गेले. नर्सने दोन्हींवर एकेक अर्ज भरला. एका आजोबांनी डावीकडे नातीचे फोटो बघितले, मग उजवीकडे तेच पुन्हा बघितले आणि दोन्हीकडे तितकेच खूश झाले. डब्यांत बटणं खुळखुळत राहिली. खजिनदार छताकडे बघत होते.

डॉक्टरांनी डबे उपडे केले. डावीकडचा ढीग मोजायचीही गरज नव्हती.

"डावा!" डॉक्टर म्हणाले. "मंडळी, डावीकडे आपलाच जुना संगणक आहे. नवे घ्यायचे नाहीत. वाचनकक्ष चालू राहील."

दोघी बहिणींनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खजिनदारांनी चष्मा घातला.

सगळे पांगल्यावर बाईंनी दार लोटून घेतलं, टेबलाजवळ जाऊन कापड उचललं आणि जागीच थबकल्या. आत खजिनदार गुडघ्यांवर बसले होते, तोंडात टॉर्च धरून.

"डॉक्टरांना सांगू नका," टॉर्च काढत ते म्हणाले. "काल सगळे गेल्यावर मी वायरींची अदलाबदल केली. नवा डावीकडे जोडला."

"तुम्ही? का?"

"तुमचं डबडं जिंकणं शक्यच नव्हतं हो. आणि बोललेला शब्द मागे घ्यायला मला जमत नाही." त्यांनी मान खाली घातली. "घरी संध्याकाळी फार शांत असतं, बाई."

बाई खाली जमिनीवरच बसल्या.

"आता पूर्ववत करायला आलो, तर हे बघा." खजिनदारांनी जुन्या संगणकाच्या वायरीवरून बोट वर नेलं, थेट डाव्या स्क्रीनपर्यंत. "मी लावल्या तशा नाहीतच. कुणीतरी परत बदलल्यात."

"मी," बाई म्हणाल्या. "आज सकाळी. मलाही वाटलं, जुना हरणार."