बाराचा पाढा

यांच्या डोक्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले, तरी हे डोळे उघडेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, ओळखीच्या आवाजात हाका मारत राहा. आज ओ दिली नाही, तर पुढचं अवघड आहे."

बाहेर बाकांवर यांचे जुने विद्यार्थी दाटीवाटीनं बसले होते. टक्कल पडलेली माणसं, पण गळा काढून बोलत होती. "सर किती जीव लावायचे! माझ्या बापाला घरी येऊन समजावलं, म्हणून माझी शाळा सुटली नाही."

"लावायचे काय रे मेल्यांनो? आत श्वास चालू आहे अजून!" मी म्हणाले. "रडायचं असेल तर घरी जा, नाहीतर आत येऊन हाका मारा."

एकेक जण हाक मारून गेला. मुलगा झाला, सून झाली. यांची पापणीसुद्धा हलेना. मग डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

नवऱ्याला नावानं हाक मारायची सवय मला जन्मात नाही. काय बोलावं सुचेना, म्हणून कानाशी वाकले आणि यांनीच शिकवलेला बाराचा पाढा म्हणायला लागले.

"...बारा सक बाहत्तर. बारा सत्ते ब्याऐंशी."

यांच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले.

"चौऱ्याऐंशी."


आता सगळं हॉस्पिटल म्हणतंय, काकूंनी मुद्दाम चुकून सरांना उठवलं, काय डोकं आहे बाईचं! मुद्दाम तर मुद्दाम, मी कशाला नाही म्हणू?