घरून बघून या

विज्ञानाच्या बाईंनी नवा घाट घातला होता. उकळण्याचा धडा मुलांनी घरी व्हिडिओत बघून यायचा, वर्गात फक्त प्रयोग करायचे. व्हिडिओ त्यांनी स्वयंपाकघरातच केला. मधेच सासूबाई ओरडल्या, "सूनबाई, दूध उतू चाललंय!" ते कापायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "कोणी कोणी बघितलाय?"

सगळा वर्ग माना खाली घालून बसला. बाईंचा चेहरा पडला. एवढा खटाटोप फुकट गेला! त्यांनी पाण्याचं भांडं स्पिरिटच्या दिव्यावर ठेवलं आणि नेहमीसारखं शिकवायला खडू उचलून त्या फळ्याकडे वळल्या.

पाठीमागे पाणी खळखळलं आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "सूनबाई, दूध उतू चाललंय!"

माना खाली का होत्या, ते आत्ता कळलं. बाईंनी हसत खडू ठेवून दिला.