डावी पापणी

“हनुवटी टेकवा आणि समोरच्या दिव्याकडे पाहा. पापणी मुद्दाम रोखू नका,” डॉक्टर ब्रुत्सोनेबाई म्हणाल्या.

फाउस्तोने हनुवटी टेकवली. यंत्र त्याच्या पापण्यांची उघडझाप टिपू लागलं. दर वेळी पडद्यावर एक टोक उमटायचं. डावी पापणी मात्र निम्म्यावरच लोंबत होती आणि मधूनच आपली आपण मिटत होती.

“बघ,” कोपऱ्यात बसलेल्या एलादियोला तो म्हणाला. “आजार आहे. यंत्रच सांगतंय.”

“यंत्र पत्ते खेळत नाही.”

ग्वालेग्वायच्या क्लबात पत्त्यांचा त्रुको खेळणारी ही जोडी दोघांच्याही लग्नांपेक्षा जुनी. त्रुकोत जोडीदाराने एक डोळा मिचकावला, की त्याच्याकडे सोट्याचा भारी एक्का आहे असं समजायचं. गेल्या रविवारी दुपारी फाउस्तोचा डोळा मिटला, एलादियोने छाती काढून डाव वाढवला, आणि फाउस्तोच्या हातात निघाला चौका, सगळ्यात हलका पत्ता. जिंकले ते फाउस्तोचे होणारे व्याही. येत्या शनिवारी परतीचा सामना होता. त्यात फाउस्तोला बरोबर घ्यायचं की नाही, ते एलादियो आज ठरवणार होता.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले. थोड्या वेळाने पापणी वर सरकली. पुन्हा माप घेतलं तेव्हा दोन्ही पापण्या शहाण्या बहिणींसारख्या एकदमच मिटत-उघडत होत्या.

एलादियो नरमला. “म्हणजे खरंच आजार. मी आपला उगाच तुझ्यावर...”

“जाऊ दे रे,” फाउस्तो उदारपणे म्हणाला.

“औषध नामी आहे,” बाई खुशीत आल्या. “सकाळी घातलं की रात्रीपर्यंत पापणी पडत नाही. रविवारी सकाळी मीच घातलं होतं यांना. रात्री तपासायला आले, तेव्हाही पापणी जागच्या जागी. आणि स्वारीही मजेत होती.”

“कुठल्या रविवारी?” एलादियोने विचारलं.

“ह्याच की. परवाच्या.”

फाउस्तोची हनुवटी अजून यंत्रावरच होती. पडद्यावरची टोकं फणीच्या दातांसारखी एकमेकांना खेटू लागली.

“उघडझाप एकदम वाढली की,” बाई म्हणाल्या. “डोळा चुरचुरतोय का?”

“नाही,” फाउस्तो म्हणाला.

एलादियोने टोपी उचलली. “शनिवारी मी अनिबालला घेतोय.”

“अनिबाल? अरे, त्याला धड पत्ते धरता येत नाहीत.”

“न का येईना. एकच डोळा आहे त्याला. मिचकावला, तर त्याचं त्यालाच दिसायचं नाही.”